वहिनीचा अंगठा

आमच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी एकोणीस वर्षं बसतेय. लोक पाठीमागे मला खिडकीबाई म्हणतात. काही जण आणखीही काही म्हणत असतील, तेही मला ठाऊक आहे. माझं तोंड फटकळ आहे. रांगेत मध्येच घुसणारा, जुना केसपेपर घरी विसरून येणारा, वय विचारलं की आजार सांगणारा, असा एकही माणूस माझ्या तावडीतून सुटलेला नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नव्हे. दोघं येऊन गेले, पण अर्धा तास बोलल्यावर दोघांनाही अचानक घरची कामं आठवली.

तर ते असो. मला सांगायचंय वहिनीबद्दल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि आमच्याच दवाखान्यातली इंजेक्शनची सिस्टर. माझी खिडकी आणि तिची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी आहे, एवढंच अंतर. मी घरी तिला वहिनी म्हणते तशीच दवाखान्यातही म्हणते, त्यामुळे हळूहळू सगळेच म्हणायला लागले. झाडूवाली म्हणते, औषधं देणारा म्हणतो, मोठे डॉक्टर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही म्हणतात, वहिनी, जरा एवढं बघता का. ती मात्र मला घरीदारी वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे ना.

घरात आमचं छान चालतं. ती स्वयंपाक करते, मी भांडी घासते, आणि दादा दोघींच्या मध्ये पेपर उघडून बसतो. भांडणं व्हायची ती दवाखान्यात, तिच्या वेळकाढूपणावरून. मी पाच मिनिटांत दहा केसपेपर फाडणार, आणि आत ही बाई एकेका माणसाला पाच-पाच मिनिटं घेणार. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली, पोरं भोकाड पसरतायत, आणि बोल कुणाला? खिडकीला. रोज साडेनऊ वाजले की मी फळीवर बोटांनी टकटक करायची. ती आतून टक करून उत्तर द्यायची, आणि करायची तेच करायची.

एक इंजेक्शन म्हणजे तिच्याकडे केवढा कारभार. फ्रीजमधली बाटली काढली की आधी दोन्ही तळहातांत धरून बसायचं, कारण गार औषध जास्त झोंबतं. औषध ओढून घेतलं की ती सुई काढून टाकायची आणि नवी लावायची. रबरी बुचातून गेलेल्या सुईचं टोक बोथटतं, असं तिचं म्हणणं. स्पिरिट लावलं की ते वाळेपर्यंत थांबायचं, ओल्यावर टोचलं तर आत चरचरतं. कमरेत द्यायचं तर माणसाला कधी उभं ठेवायचं नाही. कुशीवर निजवायचं, वरचा गुडघा दुमडायला लावायचा, म्हणजे स्नायू सैल पडतो. आणि मग तिचा तो अंगठा. जिथं टोचायचं तिथं अंगठा घट्ट दाबून दहा आकडे मोजायचे, तेही घाई न करता. दहा झाले की अंगठा उचलायचा आणि तिथंच सुई. पुढं औषध सोडायचं ते इतकं सावकाश, की तेवढ्यात मी पाच माणसांशी भांडून मोकळी व्हायचे.

हे सगळं तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं असेल तर थोडंफार. बाकीचं शिकवलं माझ्या आईनं, आणि तेही चिडून.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा नुकतीच परीक्षा पास झाली होती. वर्ष झालं नाही तोच आईचा क्षय उलटला. डॉक्टरांनी रोज एक, अशी सलग दोन महिने इंजेक्शनं लिहून दिली. घरात सिस्टर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून ते काम वहिनीच्या गळ्यात पडलं. आई शाळामास्तरीण, जन्मभर लोकांच्या पोरांना मार्क देत आलेली. पहिल्या दिवशी सुई निघाल्यावर तिनं उशीत तोंड घालूनच सांगितलं, दहापैकी दोन. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तीन मिळाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. रोज सकाळी सातला परीक्षा आणि परीक्षक सासू, विचार करा.

पण वहिनी चिवट. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रोज लिहायला सुरुवात केली: उजवीकडे टोचलं की डावीकडे, काय वेगळं केलं, आणि मार्क किती पडले. बाटली हातात धरून ऊब दिली त्या दिवशी चार. सुई बदलली त्या दिवशी पाच. एक दिवस तिनं जागा चाचपून अंगठा ठेवला आणि तेवढ्यात दूध वर यायला लागलं. आईच्या कमरेवर तोवर इतक्या गाठी झाल्या होत्या की मऊ जागा सापडणंच मुश्कील. ती जागा सोडायला वहिनी तयार नाही. अंगठा दाबून धरून तिथूनच मला हाका मारत राहिली. मी बाहेर केस विंचरत होते. मी आले, गॅस बंद केला, मग तिनं अंगठा उचलून सुई दिली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "अगं, टोचतेयस ना?" वहिनी म्हणाली, "झालं की, आई." त्या दिवशी आठ पडले.

नऊच्या वर आईनं कधी दिले नाहीत. दोन महिन्यांनी ती खडखडीत बरी झाली, पुढं पंधरा वर्षं जगली, आणि येईल त्याला सांगायची की माझ्या सुनेच्या हाताला मी वळण लावलंय. मला त्याचा राग यायचा. शेवटी गॅस मी बंद केला होता.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकते. असा हात फळीपलीकडे असताना मी स्वतः तिच्याकडून कधी एक सुई टोचून घेतली नाही. सुई नुसती दिसली तरी माझे हातपाय गार पडतात. गेल्या वर्षापासून माझ्या तळपायांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी रक्त तपासून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली, तो कागद मी चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. जगाला दटावणारी बाई, आणि आतून ही अशी भित्री. वहिनीला त्या कागदाचा पत्ता लागू दिला नव्हता.

आणि मग तो गवंडी आला. त्याच्याबरोबर त्याची अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. तीन वर्षांपूर्वी पोरीचा घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, आणि त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप धरली. पुन्हा तसला ताप येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी तिला एक घट्ट पांढरं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते अजून कितीतरी वर्षं. तारीख चुकली, घसा पुन्हा धरला, तर झडप आणखी बिघडणार. ते औषध असं दाट असतं की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ती आजवर घ्यायची पलीकडच्या गल्लीतल्या कंपाउंडरकडून. त्याचा हात म्हणजे हातोडाच. दर वेळी पोर तीन दिवस लंगडायची, आणि गवंडी तिला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायचा. त्या वेळी कंपाउंडर परगावी गेला होता, म्हणून हे दोघं आमच्याकडे आले.

वहिनीनं तिला पंधरा मिनिटं आत ठेवलं. मग अर्धा तास बाकावर बसवलं, काही त्रास होत नाही ना बघायला. बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली आणि माझं डोकं तापलेलं. अर्धा तास झाल्यावर पोरगी उठली आणि पायऱ्यांवरून दोन-दोन उड्या मारत खाली गेली. गवंडी बघतच राहिला. त्यानं पाठ वाकवायची तयारी ठेवली होती. खिडकीशी येऊन मला विचारलं, झालं का खरंच?

आणि मी बोलले. रांग ऐकत होती, मला जरा चेव चढला. "आमच्या वहिनीचं असंच असतं," मी म्हटलं, "सुई लागतच नाही. आत काही जातं की नाही, देव जाणे."

रांगेतली चार माणसं हसली. गवंडी हसला नाही. पण तेव्हा मला पुढचा केसपेपर फाडायचा होता.

तीन दिवस त्यानं पोरीच्या पायाकडे बघत काढले. लंगडणं नाही, सूज नाही, गाठ नाही. चौथ्या दिवशी तो सिमेंटच्या हातांनीच माझ्या खिडकीवर आला आणि तक्रारवही मागितली. वही माझ्याकडेच असते. तो म्हणाला, मला लिहिता येतं, पण असल्या वहीत शोभेल असं नाही, तुम्ही लिहा. मग तो एकेक वाक्य सांगत गेला आणि मी लिहीत गेले. माझ्या मुलीला दिलेल्या इंजेक्शनात औषध नव्हतं. तीन वर्षं ती दर वेळी लंगडते, या वेळी लंगडली नाही. सिस्टरनी औषध ठेवून घेतलं आणि पाणी टोचलं. आणि शेवटी तो म्हणाला, खिडकीवरच्या बाईंनीही तसंच सांगितलं, हेही लिहा.

ते वाक्य मी लिहिलं नाही. पेन फिरवल्यासारखं केलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यानं विश्वासानं सही केली. एवढी वर्षं लोकांना धडाधड तोंडावर बोलणारी मी, आणि त्या दिवशी माझं पेन घाबरलं. मला अजूनही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मोठ्या डॉक्टरांचा वहिनीवर काडीचाही संशय नव्हता. पण वहीत लेखी तक्रार आली की नियम तो नियम. वरून चौकशीला माणूस येईपर्यंत तिला इंजेक्शनच्या खोलीतून काढून मागच्या खोलीत गॉजच्या पट्ट्यांच्या घड्या घालायला बसवलं. तिच्या जागी वरच्या वॉर्डातली एक तरणीताठी सिस्टर आली. ती तीस माणसं अर्ध्या तासात हातावेगळी करायची. माझी रांग दहालाच संपायला लागली. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि फळीपलीकडून दिवसभर आई गं, मेलो रे, एवढंच ऐकू यायचं.

घरी वहिनी तक्रारीबद्दल चकार शब्द काढायची नाही. दादा संतापला होता, गवंड्याला जाऊन जाब विचारतो म्हणत होता. तिनंच त्याला बसवलं. मी भांडी घासताना मान वर करत नव्हते. त्या दोन आठवड्यांत आमची भांडी कधी नव्हे एवढी लखलखत होती.

एकविसावा दिवस मंगळवारी येत होता. सोमवारी गवंडी चौकशीचं काय झालं ते विचारायला आला, तेव्हा मी आडून विचारलं, की उद्या मुलीचं इंजेक्शन ना? त्यानं तोंड कडू केलं. कंपाउंडर परत आला होता. रविवारी त्याच्याकडे नुसतं विचारायला न्यायचं म्हटलं, तर पोरीनं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मिठी मारली आणि सुटेचना. तिथं मेले तरी जाणार नाही म्हणाली, दवाखान्यातल्या वहिनीकडेच जाईन. आणि पाणी टोचून घ्यायला मी तिला इथं आणणार नाही, गवंडी म्हणाला. एकूण काय, इथं बाप आणायला तयार नाही आणि तिथं पोर जायला तयार नाही. बघू महिनाभर, तो जाता जाता म्हणाला, आता बरीच दिसतेय ती.

संध्याकाळी मी हे वहिनीला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"मला जन्मभर घड्या घालायला बसवू देत," ती म्हणाली. "दुसरी कुणीही टोचू दे, कितीही दुखू दे. पण तिची तारीख चुकता कामा नये, वन्सं. खिडकीवर तुम्ही असता. तुम्ही काहीतरी करा."

मी हो म्हटलं.

मंगळवारी नऊ वाजले, दहा वाजले. वहिनी दोनदा मागच्या खोलीतून पट्ट्यांचा गठ्ठा द्यायच्या निमित्तानं पुढं येऊन बाकाकडे बघून गेली. अकरा वाजता ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीचं दार ओढलं, जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली आणि निघाले. समोर सात माणसं उभी होती. त्यातला एक घड्याळ दाखवायला लागला, तर त्याला म्हटलं, मला एकोणीस वर्षांची सुट्टी शिल्लक आहे.

गवंड्याचं काम चाललं होतं ती तीन मजली इमारत दोन गल्ल्या सोडून. तो दुसऱ्या मजल्यावर गिलावा करत होता. जिन्याला कठडा नाही, पायरीवर वाळू, आणि माझ्या तळपायांना मुंग्या. भिंत धरून, जीव मुठीत घेऊन मी चढले. मला बघून तीन मजुरांची कामं थांबली. वर पोचल्यावर मला धाप लागली होती, पण थांबले असते तर बोलले नसते.

मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी रांगेमुळं डोकं फिरलं होतं, थट्टेत बोलले, माझ्या जिभेला हाड नाही, आणि तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत घातलंच नाही. इंजेक्शन खरं होतं, औषध पुरतं गेलं होतं. वहिनी तीस माणसांना ताटकळत ठेवते, पण सुई दुखू देत नाही, हा तिचा गुन्हा.

त्यानं थापीवरचा माल घमेल्यात झटकला. मग त्यानं विचारलं, "मी सांगितलं होतं ते तुम्ही वहीत का नाही लिहिलंत?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

तेवढं एक उत्तर त्याला पटलं असावं. बाकीचं नाही पटलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही तिच्या नणंद, तिच्या बाजूनंच बोलणार. मी म्हटलं, मग येऊन बघा. बाटली तुमच्या हातात घ्या, डोळ्यांत तेल घालून बघा, आणि खोटं वाटलं तर वहीचं दुसरं पान मी स्वतः लिहून देते. त्यानं थापी पाण्यात बुडवून ठेवली. शाळा वाटेवरच होती, तो पोरीला घ्यायला वळला.

तोवर मी धावत येऊन डॉक्टरांपुढं तक्रारवही उघडली आणि गवंड्याच्या सहीखाली ते गाळलेलं वाक्य लिहिलं. त्याखाली माझं नाव घालून सही केली. डॉक्टरांनी चष्मा लावून ते वाचलं. मग ते मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाचं बोलणं मध्ये तोंड न घालता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी वहिनीला बोलावलं आणि सांगितलं की हे इंजेक्शन तुम्हीच द्या, मी समोर उभा राहतो.

मी दारातच उभी राहिले. वहिनीनं आधी गवंड्याला साबण दिला. कोपरापासून धुवायला लावलं, एकदा नाही, तीनदा, नखांतलं सिमेंट निघेपर्यंत. मग बाटली त्याच्या हातात दिली. आत पांढरी भुकटी. तिनं पाणी सोडलं आणि म्हणाली, आता हलवा. त्यानं हलवली. तिनं उजेडात धरून बघितली आणि परत दिली. अजून गुठळी आहे म्हणाली, गुठळी राहिली तर सुई तुंबते, मग जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की दुखतं. गवंड्याचा चेहरा बदलला. मालात गुठळी राहिली की काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं ती बाटली अशी मन लावून घोळवली की शेवटी वहिनीलाच पुरे म्हणावं लागलं.

पोरगी कुशीवर निजली, गुडघा दुमडून, पांघरूण ओढून. तिला बापापेक्षा जास्त माहिती. वहिनीनं औषध ओढलं, सुई बदलली, स्पिरिट लावलं, वाळू दिलं. मग त्या जागेवर कोरड्या गॉजची स्वच्छ घडी ठेवली आणि गवंड्याला म्हणाली, "तुमचा अंगठा ठेवा इथं. घाबरू नका, दाबा. आणि दहा मोजा."

त्याचा अंगठा म्हणजे केवढा, विटेला वीट बसवून बसवून चपटा झालेला. तो दबकत दबकत मोजत होता. सातला पोरगी म्हणाली, बाबा, सहा नाही म्हटलंत. त्यानं परत पाचपासून सुरुवात केली. दहाला वहिनीनं त्याचा हात बाजूला केला आणि सुई दिली. पोरगी वर्गातल्या कुठल्याशा भांडणाचं सांगत होती, ती सांगतच राहिली. गवंडी सिरिंजवर डोळे लावून वाकला होता. पांढरं औषध एकेक रेघ खाली सरकत होतं. वहिनीचा हात थांबत नव्हता आणि घाईही करत नव्हता. चांगली दोन-अडीच मिनिटं गेली असतील. सिरिंज रिकामी झाली, सुई बाहेर आली, तिनं बोळा दाबला.

"दे ना आता, वहिनी," पोरगी म्हणाली.

वहिनीनं रिकामी सिरिंज उजेडात धरून तिला दाखवली, मग तिच्या बापाला दाखवली. गवंडी तिथल्या स्टुलावर बसला. धुतलेले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता.

"म्हणजे तीन वर्षं मी हिला उगाच रडवली," तो म्हणाला.

वहिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिच्यावर चोरीचा आळ घेणारा माणूस, आणि ती त्याच्याशी माझ्या आईशी बोलायची तशी बोलली.

"उगाच नाही. ती रडत होती तरी तुम्ही एक तारीख चुकवली नाहीत. म्हणून ती आज शाळेतून चालत आली."

गवंड्यानं बाहीनं डोळे पुसले. मोठे डॉक्टर एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागले. मी काय केलं ते सांगत नाही, पण मला खिडकीवर जायला थोडा वेळ लागला.

त्यानं आपली तक्रार स्वतःच्या हातानं खोडली, आणि खाली स्वतःच्याच अक्षरात लिहिलं, औषध बरोबर होतं. अक्षर अगदी शोभेल असं होतं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी आपल्या खोलीत आली. माझी रांग पुन्हा फाटकापर्यंत गेली. गवंडी आता दर एकवीस दिवसांनी येतो, घरूनच हात धुऊन येतो, आणि दहा तोच मोजतो. एकदा बाकावरच्या एका म्हातारबांना तो समजावत होता, की काका, मोजणीत घाई करायची नाही, माल सेट व्हावा लागतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी वहिनीपाशी गेले. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, वहिनी, तुला एक सांगायचंय, त्या दिवशी खिडकीवर मी… तिनं मला पुढं बोलू दिलं नाही.

"फळी केवढी जाड आहे, वन्सं?" ती म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं."

म्हणजे चौकशी, घड्या, दादाचा संताप, सगळं चालू असताना तिला ठाऊक होतं. आणि तिनं ना डॉक्टरांना सांगितलं, ना नवऱ्याला. मला म्हणाली होती, तुम्ही काहीतरी करा. मी काय करायचं ते तिला माहीत होतं, फक्त माझी वाट बघत होती. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातला चार घड्यांचा कागद काढला आणि तिच्यासमोर भाजीच्या ताटात ठेवला. तिनं तो उलगडून वाचला, तारीख बघितली, आणि जन्मात पहिल्यांदा मला रागावली. चांगलं पाच मिनिटं रागावली. माझ्यापेक्षा कमी नाही बोलता येत तिला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी तिच्या टेबलावर कुशीवर निजले. हातपाय गार पडले होते, डोळे गच्च मिटले होते. स्पिरिटचा वास आला. मग कमरेवर अंगठा आला, घट्ट आणि उबदार. ती मोजत होती आणि मी तिच्याबरोबर मोजत होते. दहा झाले. मग काहीच झालं नाही. बाहेर फाटक वाजलं, पहिली माणसं यायला लागली, कुणीतरी खिडकीवर टकटक केली.

"वहिनी, टोचतेयस ना?" मी विचारलं.

तिनं माझी साडी नीट केली, बोळा माझ्याच बोटाखाली दिला, आणि सिरिंज डब्यात टाकल्याचा आवाज आला.

"आत काही गेलं की नाही," ती म्हणाली, "देव जाणे."

मी तिला दहापैकी दहा दिले. मग बाहेर आरडाओरडा वाढला, म्हणून उठून खिडकी उघडली.